नुसता आवाज

अशोकस्तंभाजवळ दिराच्या झेरॉक्सच्या दुकानामागे
माझी खोली. पंखा बंद ठेवून काम करते,
पंख्यालाही आवाज असतो.

लोक रामकुंडावर दहावं करतात,
कोणीतरी मोबाइलवर शूट करतं,
आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी
मी त्यातला आवाज धुऊन देते.
चित्राला हात लावत नाही.
रंग, नाचरी अक्षरं, हे माझं खातं नाही.
भोंगा काढते, रिक्षा काढते,
"चप्पल इथे ठेवा" काढते,
खाली गुरुजी आणि घरचे तेवढे उरतात.

याला एकच अ‍ॅप लागतं.
भिशी लागली तेव्हा ते विकत घेतलं होतं, खोक्यासकट.
नव्या संगणकावर ते उघडेना.
आता ते सुटं मिळत नाही.
सहा मिळतात. एकदम. भाड्याने.

फोनवर प्रज्वल नावाचा मुलगा होता, फार गोड.
"मॅडम, सहाही प्रोफेशनल आहेत."
म्हटलं, बाळा, पण मी एकटीच आहे.
"व्हॅल्यू बघा ना मॅडम."
बघितली. वर्षाला एकवीस दहावी.
मी हिशोब दहाव्यांत करते,
वाईट दिसतं, पण तसाच होतो.

भांडीबाजारात डबा घरी असला
तर नुसतं झाकण देतात, वाजवून, मापाचं.
मिसळीबरोबर पाव नको म्हटलं
तर कोणी वर्षभर पाव खायची सही मागत नाही.

शेवटी घेतलं.
नवरा पसंत केला आणि वऱ्हाड मुक्कामाला आलं.
खालच्या पट्टीवर पाच चौकोन, रंगीत, टवटवीत,
दर आठवड्याला अपडेट मागतात, जागा मागतात,
आणि अजून मला त्यांची नावं पाठ नाहीत.

पहिलं काम मस्कतचं.
रेणुका अहिररावांच्या भावासाठी
वडिलांचं दहावं, सव्वीस मिनिटं.
भोंगा काढला. रिक्षा. कोणाचा तरी रिंगटोन.
पाणी वाहत होतं, तेही काढलं,
एकसारखं होतं, सोपं गेलं.
कावळा शिवत नव्हता. बायका हळू बोलत होत्या,
"नातवाचं लग्न बघायचं होतं त्यांना",
इतकं स्वच्छ, की ओठ दिसावेत.
पाठवलं.

रात्री दीडला त्याचा आवाज आला.
"ताई, सुंदर झालंय. पण हे कुठलं आहे?
सगळ्यांना एखाद्या खोलीत बसवल्यासारखं वाटतं.
गंगा कुठे गेली? आणि तो चप्पलवाला?
आप्पा मला तिथे न्यायचे तेव्हाही कोणीतरी असाच ओरडायचा.
परत घाला ना. सगळं एकत्रच द्या."

सगळं एकत्रच.
हेडफोन गळ्यात घेऊन
मी बराच वेळ त्या पाच चौकोनांकडे बघत बसले.

मग घातलं. आधी पाणी.
रिक्षा, जरा लांबची.
चप्पलवाला पूर्ण.
भोंगा मात्र नाही घातला, तेवढं माझं मी ठरवलं.

प्रज्वल, म्हणून तू बरोबर होतास असं नाही.
नदी मला कोणी गळ्यात बांधलेली नाही.
ती तिथे असते. ऐकायची नसेल
तर पूल ओलांडून घरी येता येतं,
आणि महिन्याच्या सात तारखेला
खात्यातून काही कटत नाही.

काल बुधवार. गंगेवर बाजार होता.
सिंधूबाईकडे कोथिंबिरीच्या जुड्या मोठ्या आलेल्या,
आमच्या घरी खाणारी माणसं दोन.
मी काही बोललेच नव्हते.
तिने सुतळी सोडली,
अर्धी माझ्या पिशवीत टाकली,
अर्धी पुन्हा बांधली, पाणी मारलं,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक दिली,
मोठ्यांदा, भोंग्याच्याही वर.